बोंड्या आधीच पोचला

१

माळ्याच्या घरी सूर्य उगवायची वाट कोणी पाहत नाही. पाहत बसला तर वांगी त्याच्या नावानं रडतील. शालिकराम माळ्याचा मळा अकोल्याला लागून, मोर्णेच्या काठावर होता. झुंजूमुंजू झालं की मोट चालू. चाक कुरकुरायचं, बैल उतरणीला लागायचे, पाणी थारोळ्यात धबकन पडायचं, आणि त्या आवाजाला बोंड्या एकदा भुंकायचा. एका मोटेला एक भुंकणं. शेजारचे मळेवाले म्हणायचे, शालिकरामनं मोटेला घंटी बसवली.

"घंटी पुरली असती," शालिकराम म्हणायचा. "घंटी भाकर तं नाई मांगत."

बोंड्या म्हणजे गावठी कुत्रं. पांढरं, केसाळ, कापसाच्या फुटलेल्या बोंडासारखं, म्हणून बोंड्या. त्याच्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चोराला शेपूट हलवायचा, मांजरीला वाट द्यायचा, मोगऱ्याच्या वाफ्यात लोळून अंगाला फुलं चिकटवून नवरदेवासारखा घरात शिरायचा. वर एक खोड. शालिकरामचा मुलगा देवीदास, त्याच्या हातचंच खायचा. देवीदास एकदा मामाकडे नांदगाव खंडेश्वरला लग्नाला गेला, तर या बहाद्दरानं अन्न सोडलं. देवीदासच्या आईनं, पार्बताबाईनं, दूध ठेवलं. धाकट्या शकुननं आपल्या वाटणीचा गूळ ठेवला. कुत्र्यानं ढुंकून पाहिलं नाही. देवीदास परतला तेव्हा त्याच्या फासळ्या लांबून दिसत होत्या. अशी कुत्री पाळू नयेत. पण पाळून झाल्यावर काय, विहिरीत टाकता?

त्यामुळं देवीदास मॅट्रिक पास झाला आणि अमरावतीच्या कॉलेजात जायचं ठरलं, तेव्हा प्रश्न पुस्तकांचा नव्हता, कुत्र्याचा होता. होस्टेलात कुत्रा चालत नाही. मळ्यात ठेवला तर मरतो. मग वेगळी खोली घ्यायची आणि कुत्र्याला संगं न्यायचं, असं पोरानं सांगून टाकलं.

"कॉलेजात कोन शिकून राहिलं, तू का कुत्रा?" शालिकरामनं विचारलं.

"दोघं बी," शकुन म्हणाली. "बोंड्याचा नंबर वरचा येईन."

तयारी झोकात सुरू झाली. पत्र्याची पेटी आली, स्टोव्ह आला, सतरंजी आली. बोंड्यासाठी बाजारातून नवी साखळी आली. गळ्यात पट्टा घालून देवीदास त्याला मळाभर फिरवायचा, शहरातल्या कुत्र्यासारखं चालायला शिकवायचा. बोंड्यानं साखळीचं दुसरं टोक तोंडात धरलं आणि आपणच आपल्याला फिरवायला लागला. शकुन हसून हसून वाफ्यात बसली.

पार्बताबाईचं एकच म्हणणं होतं. "खोली पाहाले जासान तवा बोंड्याले घेऊन जा. तथी हाक लाव."

हाक लावणं ही त्यांच्या घरची जुनी रीत. बैल आणा, गाय आणा, कुत्रं आणा, नव्या जागेच्या उंबऱ्यावर भाकरीचा तुकडा ठेवायचा, जनावराचा दोर हातात धरायचा, आत तोंड करून त्याच्या नावानं तीन हाका मारायच्या, आणि मग त्याला आत घ्यायचं. जनावर त्या घरचं होतं. पळून जात नाही, खाणं टाकत नाही.

"माय, मी आता सायन्स शिकनार हाव," देवीदास म्हणाला.

"तं शिक ना बाप्पा. हाक मारल्यानं सायन्स बाटते काय?"

२

बाप-लेक बोंड्याला घेऊन स्टेशनावर गेले. शकुन पोचवायला आली होती. गाडी आली तर गार्डाच्या डब्यातला कुत्र्यांचा पिंजरा भरलेला. कुण्या साहेबाची दोन धिप्पाड कुत्री आत बसून जीभ काढून बाहेर बघत होती.

"जागा नहीं," गार्ड म्हणाला.

"साहेबाचे कुत्रे कचेरीत कामावर जाऊन राहिले वाट्टे," शालिकराम म्हणाला. गार्डाला मराठी कळली नाही, हे बरं झालं.

मग शकुननं बोंड्याला दोरी बांधून मळ्यात परत नेलं. पिंजऱ्यात घालायचं म्हणून काढलेला पट्टा आणि साखळी देवीदासच्या हातातच राहिली. ती गळ्यात अडकवून तो गाडीत बसला. बडनेऱ्याला उतरून, छोट्या गाडीनं अमरावती.

खोली राजापेठेत होती. घरवाली मैनाबाई, विधवा बाई. भातकुलीकडं तिची काळी जमीन होती, ती वाट्यानं दिलेली. घरात ती एकटी. मागच्या अंगणात तोंड असलेली एक खोली तिनं भाड्यानं काढली होती. बाईच्या स्वयंपाकघराची आणि खोलीची भिंत एक. उंच एक खिडकी, भुई शेणानं सारवलेली, भिंतीत एक खुंटी.

"कुत्रा हाय म्हन्ता?" ती म्हणाली. "असू द्या. मानसापरीस बरा. भांडे तं नाई चोरत."

"वांगे चोरते," शालिकराम म्हणाला, आणि अमरावतीत भाजीचा भाव काय आहे ते पाहायला बाजारात निघून गेला. माळी काशीला गेला तरी आधी भाजीबाजार बघेल.

देवीदास एकटा राहिला. खिशात आईनं दिलेला भाकरीचा तुकडा. घरी गेल्यावर ती पहिलं हेच विचारणार. आईशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि 'कुत्रा नव्हता म्हणून लावली नाही' म्हटलं तर ती हाय खाणार. शिकलेल्या माणसाला अशा वेळी मधली वाट सुचते. तीच त्याला नडते. त्यानं तुकडा उंबऱ्यावर ठेवला, रिकाम्या साखळीचं टोक मुठीत धरलं, पट्टा खाली लोंबत ठेवला, आणि आपलंच हसू दाबत आत तोंड करून ओरडला, "बोंड्या!"

रिकाम्या खोलीनं आवाज परत दिला. बोंड्या.

दुसरी हाकही परत आली.

तिसरी आली नाही.

देवीदासनं कानात बोट घालून हलवलं. मग म्हणाला, हवा फिरली असेल. साखळी पुन्हा कशाला वागवायची म्हणून त्यानं ती आतल्या खुंटीला टांगली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. भाकरीचा तुकडा उंबऱ्यावर नव्हता. कावळा असेल.

"कोनाले बोलावून राहिला होतास रे बापू?" मैनाबाईनं आतून विचारलं.

"कुत्र्याले, मावशी."

"आला काय?"

"अकोल्याहून येईन तं उशीर लागंन," देवीदास म्हणाला, आणि दोघंही हसले.

३

मळ्यात परतल्यावर देवीदासनं फाटकातूनच हाक मारली. दर वेळी त्या हाकेला बोंड्या वाफे तुडवत यायचा आणि शालिकरामच्या शिव्या खायचा. या वेळी तो विहिरीपाशी बसला होता. हाक ऐकून उठला, आणि पाठ फिरवून रस्त्याकडं बघायला लागला. बडनेऱ्याकडच्या रस्त्याकडं. कुणा दुसऱ्याला बोलावलंय आणि तो कुठं राहिला, असं.

"बोंड्या!"

पुन्हा रस्त्याकडं.

देवीदास जवळ गेला, पाठीवर हात ठेवला, तेव्हा त्यानं शेपूट हलवली, हात चाटला. शीळ घातली की यायचा. भाकरी दाखवली की यायचा, थोडीबहुत खायचा. फक्त नाव घेतलं की ते त्याचं नसल्यासारखं करायचा.

"कान फुटला," शालिकरामनं निदान केलं. लसूण घालून तेल कोमट केलं, शकुननं पाय धरले, देवीदासनं मुंडकं. तेल कुत्र्याच्या कानात कमी आणि शालिकरामच्या धोतरावर जास्त गेलं. त्यानं कुत्र्याच्या सात पिढ्या काढल्या. शकुन म्हणाली, "बाबा, हळू बोला, त्याले ऐकू येऊन राहिलं."

येतच होतं. मांजर पलीकडं पानावरून चाललं तरी त्याचे कान उभे राहत. दुसऱ्या दिवशी मोट सुरू झाली. चाक कुरकुरलं, पाणी थारोळ्यात पडलं. शालिकरामनं सवयीनं मान वर केली आणि वाट पाहिली. काही नाही. बोंड्या थारोळ्याशी बसून पाण्याकडं बघत होता. भुंकायला तोंड उघडायचा, आणि मिटायचा.

"भाकर वाचली," शालिकराम म्हणाला. पण त्या दिवशी त्याच्या हातून बैल दोनदा चुकले.

४

कॉलेजात नाव घालायला आणि पेटी ठेवायला देवीदास पुन्हा अमरावतीला गेला, या वेळी एकटा. टांग्यातून पेटी उतरवत होता तोच मैनाबाई हात पुसत बाहेर आली. तोंडभर हसत.

"बापू, कुत्रा लाख रुपयाचा हाय तुहा! ना भुकते, ना घान करते. पन असा कोंडून जातेत काय रे जनावराले?"

"कोनता कुत्रा?"

"आता मलेच इचारते! खोलीतला. मी म्हनलं, पोट्टा घाईत इसरला. फटीतून भाकर सारली मंग मी. रोज सारून राहिली."

"मावशी, माहा कुत्रा अकोल्यात हाय."

"मंग साखळी कोन हालवते रात-दिवस? अन् दुपारी माह्या भितीले टेकून बसते, ते काय मी हाव? मी भाकरी थापतो तिकडून, तो इकडून टेकते. बरं वाटते." तिनं कपाळाला हात लावला. "भित गरम होते रे."

देवीदासनं किल्ली काढली. भर दुपार होती. अंगणात ऊन इतकं पांढरं, की डोळे बारीक करावे लागत. कुलूप त्यानं लावलं होतं तसंच होतं. त्यानं दार ढकललं.

खोली रिकामी. खिडकी बंद. भाकरीचा कण नाही. साखळी खुंटीला नव्हती. ती भुईवर होती. एक टोक भिंतीशी, आणि तिथून दारापर्यंत सरळ, ताणलेली. टाकलेली साखळी वेटोळं घालून पडते. ही तशी नव्हती. दाराशी पट्टा होता. पट्ट्याचं बक्कल लावलेलं होतं.

दाराच्या आतल्या अंगाला, खाली, सारवण खरवडलेलं होतं.

देवीदासनं स्वतःशी बोलायला सुरुवात केली. उंदीर. घूस असेल, घूस साखळी ओढते. बक्कल? बक्कल मीच लावलं असेन, टांगताना. ओरखडे? घूस. मैनाबाई? एकटी बाई, मनाला वाटतं. एका घुशीवर त्यानं सगळं बसवलं. बिचारी घूस. त्यानं पेटी आत सारली, साखळी उचलून खुंटीला टांगली. कडी हाताला कोमट लागली. पत्र्याच्या छपराखाली लोखंड तापणारच, तो म्हणाला. नंतर गाडीत बसल्यावर त्याला आठवलं, की छप्पर कवेलूचं आहे.

निघताना तो मैनाबाईला म्हणाला, "मावशी, खोलीत कोनी नाई. भाकर नका टाकू."

"बरं," ती म्हणाली. पण परातीत पीठ तिनं एका माणसाला लागतं त्यापेक्षा जास्त घेतलेलं होतं.

५

देवीदास परतला त्या दिवशी मळ्यात कोहळी तोडली होती. शालिकराम मोठ्या तागडीवर ती जोखत होता. देवीदास आणि कुत्रा दोघांनाही उदास बघून त्याला काही करमेना. तो म्हणाला, "आन रे तुह्या साहेबाले. रेल्वेत जाईन तं वजन पाहाव लागंन. कोहळं भारी का कुत्रं भारी, पाहू."

शकुननं बोंड्याला उचलून एका पारड्यात बसवलं. तो शहाण्यासारखा बसला, जीभ बाहेर काढून. अंगानं चांगला गुबगुबीत होता, केस चमकत होते. दुसऱ्या पारड्यात शालिकरामनं एक बारकं कोहळं ठेवलं. मुठीत मावेल एवढं, गाईला घालायला बाजूला काढलेलं.

कोहळं खाली गेलं. कुत्रा वर.

शकुन टाळ्या पिटून हसली. "बोंड्या हरला!"

शालिकराम हसला नाही. त्यानं तागडीची दांडी पाहिली, दोऱ्या पाहिल्या. पारडी अदलाबदल केली. कोहळं खालीच. मग कोहळं काढून त्यानं एक वांगं ठेवलं. मग वांगं काढून मेथीची जुडी. जन्मभर तागडी धरलेला माणूस तो. जुडी आणि कुत्रं समोरासमोर, एका रेषेत, हलके हलके झुलत राहिले. वारा आला तसा बोंड्या थोडा वर उचलला गेला, आणि खाली आला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यानं शेपूट हलवली.

"पोरी, उतरव त्याले," शालिकराम म्हणाला. आवाज अगदी हळू.

पार्बताबाई दारात उभी होती. तिनं देवीदासला आत बोलावलं. बोलावलं म्हणजे हातानं, हाक मारून नाही.

"तथी हाक लावली तवा दोर कोनाच्या गळ्यात होता?"

देवीदासनं सांगितलं. पार्बताबाईनं पदर तोंडाला लावला.

"मंग ते कोनी ऐकलं रे?"

"माय, ऐकनारं कोनी नव्हतंच तथी. खोली रिकामी होती."

"तेच इचारून राहिली मी."

"आता काय कराव?"

"मले काय माईत बाप्पा? रिकाम्या साखळीनं हाक आजवर कोनी लावलीच नाई. येवढा शिकलेला आमच्यात कोनी झालाच नाई." मग तिला त्याची दया आली. तिनं चुलीतली गरम भाकर काढून फडक्यात बांधली. "अर्धं झालं हाय ते पुरं कर. जनावर घेऊन जाय. दोर हातात ठेव अन् नीट लाव."

६

या खेपेला पिंजरा रिकामा होता. बोंड्याला आत ठेवताना गार्डानं त्याला एका हातानं उचललं, हाताकडं पाहिलं, कुत्र्याकडं पाहिलं, आणि दार लावून घेतलं. बडनेऱ्याला देवीदासनं त्याच्यापुढं भाकर धरली. बोंड्यानं वास घेतला. घास तोंडात घेतला, आणि खाली ठेवला. चावायला जोर लागतो, तेवढाही नव्हता. आता काही केलं नाही, तर हा कुत्रा मरणारही नाही, नुसता विरून जाईल, असं देवीदासला वाटलं. एवढं वाटूनही तो मनात म्हणत होता, की जनावरांच्या डॉक्टरला दाखवून बघू.

राजापेठेत पोचला तेव्हा दुपारच होती. मैनाबाईच्या दाराला कडी होती, बाई बाजारात गेली असावी. अंगणात चिमण्या धुळीत अंघोळ करत होत्या. बोंड्या दोरीच्या टोकाला चालत होता, पण धुळीत त्याच्या पायांखाली काही उमटत नव्हतं. चिमण्या उडाल्या नाहीत.

देवीदासनं कुलूप काढलं, दार वीतभर लोटलं. आत अंधार नव्हता, सावली होती. त्यानं भाकरीचा तुकडा उंबऱ्यावर ठेवला, दोरी मुठीत घट्ट धरली, आणि आत तोंड करून म्हणाला, "बोंड्या."

आत साखळी उचलली गेली.

घूस नाही, हे त्याला तेव्हा कळलं. घूस साखळी ओढते, उचलत नाही. कडीमागून कडी भुई सोडत गेली, तो आवाज त्यानं ऐकला. मागं वळून पाहिलं. बोंड्या उभा राहिला होता आणि दाराकडं निघाला होता. दोरीला काही भार नव्हता. पुढचे पाय भुईला टेकतच नव्हते.

नीट लावायची आहे. दोर हातात आहे, जनावर आहे. आई म्हणाली तसंच चाललंय. देवीदासनं दुसरी हाक मारली, "बोंड्या!"

भाकरीचा तुकडा आत ओढला गेला. दार त्या धक्क्यानं हातभर उघडलं, आणि उन्हाचा एक पट्टा खोलीत पडला.

भिंतीशी, मैनाबाईच्या चुलीच्या बाजूला, पांढरं काहीतरी बसलं होतं. गळ्यात साखळी. पण ते कुत्र्यासारखं बसलं नव्हतं. उकिडवं बसलं होतं, बांधावर माणूस बसतो तसं, गुडघे वर करून, आणि पुढचे पाय दोन्ही गुडघ्यांवर ठेवून. त्याला नाव ऐकायला मिळालं होतं. कुत्रा पाहायला मिळाला नव्हता. आणि आता त्यानं तोंड वळवलं होतं, देवीदासकडं नाही, बोंड्याकडं, आणि ते लक्ष देऊन बघत होतं.

तिसरी हाक देवीदासच्या जिभेवर आलेली होती. मारली असती तर दोघांपैकी आत कोण राहिलं असतं आणि दोरीला काय उरलं असतं, ते सांगता येत नाही. त्यानं ती हाक दातांखाली धरली. पण तोंडातून काहीतरी निघायलाच पाहिजे होतं, कारण कुत्रा उंबऱ्यावर पोचला होता. नाव सोडून काहीही. जे आलं ते आलं.

"मास्तर!" देवीदास ओरडला. "ओ मास्तर! चला!"

का मास्तर, ते त्याला जन्मात सांगता आलं नाही.

कुत्र्यानं मागं पाहिलं. आपल्याला एवढ्या मानानं कोण बोलावतंय, असं. मग त्याला एक जोराची शिंक आली, आणि त्या शिंकेसरशी दोरीला असा हिसका बसला की देवीदास अंगणात आडवा झाला. चिमण्या भुर्रकन उडाल्या. देवीदासनं पायानंच दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, आणि मास्तरला छातीशी धरून पळाला. अर्ध्या राजापेठेत त्याचे हात भरून आले, श्वास लागला. कुत्रं जड होतं, चांगलं कोहळ्यासारखं जड. देवीदास पळता पळता रडत होता आणि हसत होता. पेटी, स्टोव्ह, सतरंजी, सगळं खोलीत राहिलं.

७

पेटी मैनाबाईनंच टांग्यात घालून कॉलेजात पाठवून दिली. किल्ली आपल्याच कमरेला असताना आतून आणायला ती कशी गेली, ते देवीदासनं विचारलं नाही. त्यानं कॉलेजच्या अंगाला एका तेल्याच्या आवारात दुसरी जागा घेतली. तिथं हाक लावली नाही. भाकरी पुढं ठेवली, मास्तरनं ती खाल्ली, देवीदासची खाल्ली, आणि तेल्याच्या बैलाची पेंडही हुंगून आला. घरी कळलं तेव्हा शकुनला नवं नाव फार आवडलं. शालिकराम म्हणाला, कुत्र्याला मी 'अहो' म्हणणार नाही, कापून टाकलं तरी. पार्बताबाईनं जुनं नाव घरातून झाडून टाकलं. ते नाव कुणी घेतलं की ती हातातलं काम टाकून उठून उभी राहायची, म्हणून कुणी घेईनासं झालं.

दिवाळीच्या आधीचे दिवस. देवीदास मास्तरला घेऊन राजापेठेच्या रस्त्यानं चालला होता. झेंडूची डालगी, बोरांचे ढीग, टांगेवाल्यांची आरडाओरड. समोरून मैनाबाई आली, हातात पिशवी. चेहरा टवटवीत. तिनं मास्तरच्या डोक्यावर हात फिरवला तसा तो खाली बसला.

"हाच काय रे तो? आमचा बी आता असाच बसते, मागचे पाय मुडपून. पहिले भलताच बसे. त्या दिवशी तू याले आनलं होतं म्हने, यालेच पाहून शिकला वाट्टे."

देवीदासनं मास्तरला जवळ ओढलं. "मावशी, ती खोली बंद करा. भातकुलीले जाऊन राहा ना."

"काहून? येवढ्या वर्सानं भितीपलीकडं कोनी हाय माह्या. अन् आता तं बाहीर बी येते, मांगं मांगं फिरते." तिनं गुडघ्याजवळ सहज खाली पाहिलं. तिथं रस्त्याची धूळ होती. "काल तं गंमतच झाली. मी भाकरी थापून राहिली होती, अन् मांगून हाक आली. 'मैने.' माही माय मारे तशी. तिले जाऊन जमाना झाला."

"भुकला असंन, मावशी. तुमाले तसं वाटलं."

"भुकाचं तं अजून शिकला नाई."

"मंग? तुमी काय केलं?"

"काय करतीन बाई?" मैनाबाई हसली. "'ओ' देली."

आणि ती निघाली. जेवायला बोलावलेली पोर घराकडं जाते तशी, झपझप, गर्दीतून कुणाला धक्का न लागता, धुळीत पाऊल न उमटता. तिला थांबवायचं म्हणून देवीदासनं हाक मारायला तोंड उघडलं. ती हाक कोण ऐकेल, हे मनात आलं, आणि उघडलेलं तोंड त्यानं तळहातानं गच्च दाबलं, मास्तरची दोरी मनगटाला गुंडाळली, आणि तिच्या मागं पळत सुटला.